सास्तूरचं टिंब

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला तर मी थोडक्यात सांगते: कोणत्या गावच्या लेकी कोणत्या गावांत दिल्या जातात, त्याचा नकाशा. कागदावर त्याचं नाव पार ओळभर लांब आहे आणि त्यात ‘अवकाशीय विश्लेषण’ असे दोन शब्द आहेत. ते वाचून दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मला विचारलं होतं, "म्हंजे रॉकेटबिकेट का?" मी म्हटलं, नाही रे, सोयरिकी. तर म्हणाला, "मग त्याला एवढं शिकाय कशाला लागतंय? आपल्या गल्लीतली कुणी बी म्हातारी सांगंल."

म्हातारी सांगते, ते खरं आहे. पण ती आपल्याच गावचं सांगते आणि सगळा मुलूख तसाच असणार असं धरून चालते. मी जिल्ह्याच्या तीन टोकांची तीन गावं घेतली होती. तामलवाडी, ईट आणि आमची माकणी. जिल्हा एकच, पण सोयरिकीच्या बाबतीत तिघांची तोंडं तीन दिशांना. तामलवाडीचा माणूस लेकीसाठी सोलापूरकडं बघतो. "तुळजापूर आमचा तालुका हाय, पण पाव्हणे सगळे खाली," असं तिथल्या एकानं मला हात दाखवून सांगितलं. ईटकर बीड, जामखेडकडं वळतात. आम्ही माकणीचे लिंगायत, आमच्या सोयरिकी औसा, निलंगा आणि थेट कर्नाटकात आळंदपर्यंत. त्यामुळं आमच्या घरात भाकरी मराठीत मागतात आणि भांडण कन्नडात होतं.

कन्नड घरात आणली ती अव्वानं, माझ्या आईनं. ती आळंदकडची. लग्न होऊन माकणीला आली तेव्हा माहेरी जायचं म्हणजे उमरग्याला गाडी बदलायची, पुढं मुरूमला उतरायचं आणि मग जे मिळेल त्यात बसायचं. गाडी चुकली की फाट्यावरच दुपार. तिची आई आजारी पडली तेव्हा निरोप पोचून ही तिथं जाईपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. हे तिनं आम्हाला रडून कधी सांगितलं नाही. फक्त आम्ही दोघी बहिणी मोठ्या व्हायला लागलो तसं ती येईल त्याला एकच ऐकवायची, "माझ्या लेकी म्या जवळ देनार. एका दिसात जाऊन याया पायजे." वडील लवकर गेल्यावर तर हा तिचा हट्टच झाला.

त्या हट्टाप्रमाणं अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, सास्तूरला दिली. माकणीहून सास्तूर म्हणजे जीपमध्ये बसून पदर सावरेपर्यंत आलंच. अव्वा महिनाभर सगळ्या गावाला सांगत होती की लेक शेजारी दिली. आता माझी पाळी होती. मी धाराशिवला खोली घेऊन राहत होते, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते आणि शनिवार आला की माकणीला येत होते. त्या हिवाळ्यात माझ्यासाठी दोन स्थळं आली होती. एक किल्लारीजवळच्या गावचं, मुलगा पुण्यात हिंजवडीला कंपनीत. दुसरं आळंदकडच्या गावचं, मुलाचं लोहाऱ्याला मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की तिची तार नव्यानं भरून द्यायची, हा त्याचा धंदा, आणि राहायचाही तो तिथंच, दुकानामागं.

मला लोहाऱ्याचा आवडला होता, सरळ सांगते. बघायच्या कार्यक्रमात बाकीच्यांनी मला नोकरी कायम कधी होणार ते विचारलं. त्यानं विचारलं, "नकाशात तुमचं गाव कोणत्या रंगात आहे?" मी हिरव्या म्हटलं, तर म्हणाला, "धरणामुळं का?" आमच्या गावाजवळच्या धरणाचा काही संबंध नव्हता, पण मला हसू आलं.

अव्वानं मात्र आळंद हा शब्द ऐकला आणि संपलं. चिडली की ती कन्नडात जाते. "ब्याड," म्हणाली. नको म्हणजे नको. "त्या वाटंनं म्या आलेय. लेकीला परत त्याच वाटंनं धाडू व्हय? किल्लारी आपल्या अंगणात हाय." दादानंही मान हलवली. किल्लारीकडच्यांना पुढच्या बैठकीला बोलवायचं असं ठरत आलं. म्हणजे माझं सगळं आयुष्य ‘जवळ’ ह्या एका शब्दावर अडलं होतं आणि गंमत अशी की त्याच शब्दाचा अभ्यास करून मला डॉक्टर व्हायचं होतं.

माझा पहिला नकाशा त्याच सुमारास तयार झाला. घरोघर बसून एकच प्रश्न विचारला होता: लेक कुठं दिली? मिळालेलं गाव नकाशावर टिंब म्हणून ठेवलं. नकाशा उघडला तर तिन्ही गावांभोवती टिंबांचे छान घोस पडले होते. ईटचा पश्चिमेला कललेला, तामलवाडीचा दक्षिणेला, आमचा पूर्वेकडं पसरलेला. विद्यापीठातले माझे मार्गदर्शक सर खूश झाले. एरवी ते चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि मग चुका सांगतात. त्या दिवशी चष्मा डोळ्यांवरच राहिला. म्हणाले, "बघा, रस्ते झाले, मोबाईल आले, पण लेकी अजून जवळच दिल्या जातात. फक्त ‘जवळ’ची दिशा गावागणिक बदलते. हेच तुमचं प्रकरण." मी पेढे वाटले नाहीत एवढंच.

एक शेवटची फेरी राहिली होती ईटला. तिथं एका घरी चहा घेत बसले होते. घरातल्या बाई माझ्या आईच्या वयाच्या, हातात सूप, बोलता बोलता ज्वारी पाखडत होत्या. दोन्ही लेकी कुठं दिल्या विचारलं, तर म्हणाल्या, "हितंच. दोगी बी पाथरूडला, एकाच घरात."

"मग बरं आहे. भेटायला जाता का अधूनमधून?"

"कशाला इचारालीस बाई," सूप खाली ठेवत त्या म्हणाल्या. "पुण्याला का माज्यानं जाणं व्हतंय? दोन साल झालं थोरलीचं तोंड बगून."

मला वाटलं माझंच काही चुकलं. "पाथरूडला दिल्या म्हणालात ना?"

"पाथरूडलाच दिल्या की. ऱ्हात्यात पुण्यात."

त्यांना ह्यात काहीच वावगं वाटत नव्हतं, आणि का वाटावं? लेक देतात ती घराला देतात, शिवाराला देतात, कुंकू लावलं त्या उंबऱ्याला देतात. जावई पोटासाठी कुठं का जाईना, लेक दिली ती पाथरूडलाच. आमच्याकडं कुणालाही विचारा, हेच उत्तर येईल. प्रश्न चुकीचा विचारला होता मी, आणि तीन गावांत घरटी एकानं त्याचं अगदी बरोबर उत्तर दिलं होतं.

परतताना भूमला धाराशिवच्या गाडीत बसले आणि हसायला लागले. शेजारच्या बाईनं जरा सरकून घेतलं. मग हसू थांबलं, कारण सास्तूरचं टिंब आठवलं. ते मी स्वतः ठेवलं होतं, कुणाला न विचारता. अक्का लग्नानंतर एक दिवाळी सास्तूरला राहिली आणि नवऱ्याबरोबर चाकणला गेली. तिचा नवरा तिथं कारखान्यात आहे, मुलं तिथल्या शाळेत आहेत. ती सास्तूरला राहत नाही हे मला माझं नाव माहीत असावं तसं माहीत होतं. तरी हात सास्तूरवर गेला.

तसा जाण्याचं कारणही आहे. पंचमीला लेकीला माहेरी आणायला जो जातो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. आमचा मुराळी दादा. अक्का चाकणहून पोरंबाळं, पिशव्या घेऊन येते, पण तिला थेट माकणीला उतरता येत नाही. आधी सास्तूरला जायचं, सासरच्या ओट्यावर एक रात्र काढायची, आणि दुसऱ्या दिवशी दादानं शिदोरी घेऊन मोटरसायकलवर जायचं आणि तिला ‘सासरहून’ आणायचं. एकदा अक्का थकली म्हणून सरळ आमच्याकडं उतरली, तर अव्वानं तिला चहा पाजून पुन्हा सास्तूरला धाडली. "सासरहून आणल्याबिगर माहेरवाशीण कशी व्हती?" अक्का शिव्या देत गेली आणि दुसऱ्या दिवशी नटूनथटून दादाच्या मागं बसून आली.

पुढचे काही आठवडे मी फोन करत बसले. ज्या ज्या घरी गेले होते तिथं पुन्हा विचारलं: लेक आता राहते कुठं? काही जण वैतागले, एक आजोबा म्हणाले, "पयल्यांदाच धड इचारायचं व्हतं." उत्तरं भरली आणि घोस फुटले. तामलवाडीची काही टिंबं सोलापुरात टिकली. ईटची बरीचशी उडून हडपसर, वाघोली, रांजणगावला जाऊन पडली. माकणीची चाकण, भोसरी आणि थोडी हैदराबादला. सरांनी ह्या खेपेला चष्मा काढून ठेवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "प्रकरण बदललं. चांगलं झालं."

त्या शनिवारी मी हा नवा नकाशा लॅपटॉपवर घेऊन माकणीला निघाले ते भांडायच्या तयारीनं. मनात वाक्य न वाक्य जुळवलं होतं. अव्वा, किल्लारी अंगणात असेल, पण मी हिंजवडीत असेन. आळंद लांब असेल, पण मी लोहाऱ्यात असेन, सकाळी भाकरी करून दुपारी तुझ्याकडं येऊ शकेन. तुला लेक जवळ पाहिजे का लेकीचं सासर जवळ पाहिजे, ते एकदाचं सांग.

घरी अव्वा नव्हती. दादा म्हणाला, सास्तूरला गेलीय. मी विचारलं, अक्का आलीय का? "न्हाय. अशीच गेली. जाती की अधूनमधून." जणू ती दळण आणायला जाते तसं तो बोलला. मला हे माहीत नव्हतं. मी धाराशिवला, मला कोण सांगणार?

मीही जीप धरली. भूकंपानंतर वसवलेल्या सास्तूरच्या गल्ल्या सरळ, घरं सगळी सारखी, अक्काचं घर मला अजून दारातल्या पेरूवरून ओळखावं लागतं. ओसरीवर अव्वा आणि अक्काची सासू, दोघी शेंगा फोडत बसल्या होत्या. मधे टरफलांचा ढीग. आतली अक्काची खोली सताड उघडी होती. तिच्या लग्नातल्या साड्या दोरीवर उन्हात टाकलेल्या, गादी उभी करून ठेवलेली, फरशी ओली. अव्वानंच हे केलं होतं, हे तिच्या खोचलेल्या पदरावरून कळत होतं.

मी जे जुळवून आणलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना. भलतंच बोलले, आणि तेही मोठ्यानं. "अव्वा, अक्का इथं राहत नाही!"

अव्वानं वर पाहिलं. "मला ठावं न्हाय व्हय?"

"मग इथं काय करालीस?"

"काय करालीस म्हंजे? तिचं घर हाय. कपाटाला कसर लागत्याय. जरा उघडलं, झाडलं, बसले. बरं वाटतंय." आणि ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. चाकणला ती एकदाच गेली होती. चौथ्या मजल्यावर, दार लावून बसायचं, खाली उतरलं तर वर कुठल्या जिन्यानं जायचं ते कळेना. परत आली आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. तिला लेक आठवली की ती सास्तूरला येत होती. लेकीच्या साड्यांना ऊन दाखवून परत जात होती. 

 अक्काची सासू फार बोलणारी बाई नाही. फोडलेल्या शेंगांतले दाणे निवडत म्हणाली, "विहीणबाई, तुमी निदान हितं येऊन बसता तरी. माजा ल्योक बी तितंच हाय. मी कुठं जाऊन बसावं?"

अव्वाचे हात थांबले. तिनं त्या बाईकडं असं पाहिलं, जणू इतकी वर्षं ती इथं येत होती पण हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग दोघींनी मिळून साड्या आत घेतल्या. अव्वानं घड्या घातल्या, विहिणीनं कपाटात लावल्या, आणि मी दारात उभी राहून बघत राहिले. लॅपटॉप पिशवीतून बाहेर आलाच नाही.

परतीच्या जीपमध्ये अव्वा खिडकीशी बसली होती. गर्दी बेताची होती. बाहेर बघत तिनं विचारलं, "लोहाऱ्याचं ते दुकान रस्त्यावर हाय का आत?"

"रस्त्यावरच आहे. स्टँडजवळ."

"घर भाड्याचं असंल."

"दुकानामागंच दोन खोल्या आहेत. त्याच्याच."

"हं," म्हणाली. 

मी पुढच्या शनिवारी आले तेव्हा मधल्या आठवड्यातली हकिकत दादानं सांगितली. आमच्या विहिरीवरची एक जुनी मोटार जळून गोठ्यात पडली होती, ती भरून आणायचं म्हणून अव्वानं त्याला उठवलं. लोहाऱ्याला भरायची, तीही त्याच दुकानात. आणि स्वतः बरोबर गेली. आता मोटार भरायला आजवर आमच्या घरातली कुठली बाई गेली नव्हती. दादा मोटारीचं बोलत होता आणि अव्वा दुकानातल्या स्टुलावर बसून चारी बाजू न्याहाळत होती. दुकानदारानं ओळख दाखवली नाही, म्हणून दादाला वाटलं, बघायच्या कार्यक्रमातली माणसं त्यानं ओळखली नसावीत. मग अव्वानं कन्नडात विचारलं, गाव कोणतं? त्यानं सांगितलं. तिनं पुढं विचारलं, तिथल्या मारुतीपुढचा आड अजून आहे का? आहे म्हणाला, पण बुजवत आणलाय. त्यावर ह्या दोघांचं जे सुरू झालं ते दादाला निम्मंच कळलं. निघताना त्यानं खाली उतरून नमस्कार केला आणि म्हणाला, "अव्वा, मोटार मी घरी पोचवतो. वाट मला ठावं हाय." म्हणजे गड्यानं सुरुवातीलाच ओळखलं होतं.

"मोटार चांगली भरलीय," अव्वा मला म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

किल्लारीकडच्यांना नकार कळवला. भावकीत कुजबुज झाली की स्वतः एवढ्या लांबून आली आणि लेकीलाही तिकडंच देते, म्हातारपणी माणसाचं डोकं फिरतं. एका चुलतीनं तोंडावर विचारलं, तेव्हा अव्वानं तिला लोहाऱ्याच्या गाडीची वेळ सांगितली आणि विषय संपवला.

लग्न आळंदकडं झालं. आता मी लोहाऱ्याला राहते, तिथल्याच कॉलेजात तास घेते. तासिका तत्त्व धाराशिवात काय नि लोहाऱ्यात काय, सारखंच बेभरवशाचं. अव्वा बाजारच्या दिवशी येते, दुकानातल्या त्याच स्टुलावर बसते, जावयाशी कन्नडात बोलते, माझ्या भाकरीला नावं ठेवते आणि संध्याकाळच्या गाडीनं जाते. तिला पाहिजे होतं ते एका लेकीपुरतं तरी झालं.

पहिल्या पंचमीला मात्र दादानं डोकं धरलं. मुराळी म्हणून लोहाऱ्याला यावं तर सोपं होतं, पण माझं सासर आळंदकडं. मला दोन दिवस आधी तिकडं जावं लागलं आणि दादाला शिदोरी घेऊन दोन गाड्या बदलत मला तिथून आणावं लागलं. येताना आम्ही लोहाऱ्यावरूनच आलो. दुकानापुढून गाडी गेली तेव्हा नवऱ्यानं आतून हात केला. दादा म्हणाला, "ह्याच्यापरीस ते रॉकेट बरं व्हतं."

त्याच पंचमीत मी अव्वाला नकाशा दाखवला. प्रबंध जवळजवळ झाला होता. अक्काही आली होती, सास्तूरवरून आणलेली, पोरांना भात भरवत होती. अव्वाला नकाशा वाचता येत नाही असं मी धरून चालले होते, पण धरण दाखवल्यावर तिनं बाकीचं स्वतःच लावलं. हे तेरणेचं पाणी, हा माकणीचा बांध, हा उमरग्याचा रस्ता. लोहाऱ्यावरच्या टिंबावर बोट ठेवून म्हणाली, "ही तू." मी हो म्हटलं.

"अन् ही?" तिनं अक्काकडं मान केली.

मी नकाशा सरकवत सरकवत पश्चिमेला नेला. जिल्हा संपला, सोलापूर गेलं, भीमा गेली. चाकणला थांबले. तिनं ते टिंब पाहिलं. मग स्क्रीनवर बोटानं उलट ढकलायला लागली, मी करत होते तसंच. तिला जमेना, मीच परत आणलं. सास्तूर आलं. तिथं आता काही नव्हतं, नव्या नकाशात मी ते पुसलं होतं.

"हितलं कुठं गेलं?"

"अक्का तिथं राहत नाही ना, अव्वा. जिथं राहते तिथंच दाखवायचं असतं."

"ते बरोबर हाय," ती म्हणाली. बोट तिथंच होतं. "पन हितं बी एक ऱ्हाऊ दे. न्हाय तर म्या कुठं जाऊन बसू?"

अक्काचा घास तसाच हातात राहिला. मी त्याच नकाशात सास्तूरला पुन्हा टिंब ठेवलं, आणि प्रबंधात ते तसंच गेलं.